एर्मेलिंदाबाईंचं नाक

१४ जून, मंगळवार

आरोग्य केंद्रातल्या नर्सबाईंनी दंडाला पट्टा आवळून रक्तदाब मोजला आणि माझ्याकडे असं पाहिलं, की जणू मी तो कुठून तरी चोरून आणलाय. म्हणाल्या, "मास्तर, रोज काय खाता आणि कुणावर चिडता, ते वहीत लिहायला लागा." म्हणून ही वही.

खाल्लं : तळलेला मासा, उकडलेलं रताळं. चिडलो : नर्सबाईंवर. घरी आल्यावर बहिणीवर.

ओतिलियाचं म्हणणं, तीस वर्षं मी एकाच मेलेल्या सरदाराचं तोंड बनवतोय. हे खोटं आहे. मी सात वेगवेगळ्या मेलेल्या सरदारांची तोंडं बनवतो. पंधराशे वर्षांपूर्वी आमच्या मोचे पूर्वजांनी याच नदीच्या मातीतून अशी भांडी घडवली. पुढून जिवंत माणसाचा चेहरा, डोक्यावर रिकिबीसारखी वाकवलेली तोटी, वरून गेरू आणि पांढऱ्या मातीचा लेप. हुआकाच्या, म्हणजे त्यांच्या जुन्या देवळाच्या, टेकाडाखाली ती अजून निघतात. माझी भांडी बघणाऱ्याला फरक कळत नाही. म्हणून तर प्रत्येकाच्या बुडाखाली माझं नाव, फौस्तिनो आसाबाचे, कोरतो. नाही कोरलं, तर पोलीस पकडतील.

"पण त्या पूर्वजांनी आपल्या काळातल्या माणसांची तोंडं केली," ओतिलिया म्हणाली. "तू का नाही करत? मेलेले कधी दुकानात येत नाहीत, फौस्तिनो."

तिचं पटलं, हे तिला सांगितलं नाही. संध्याकाळी दारावर पाटी लावली : 'आपला चेहरा आपल्या मातीत. जुनी पद्धत. नवी माणसं.'

१७ जून, शुक्रवार

पहिलं गिऱ्हाईक : सार्जंट पोर्तोकारेरो. टोपी काढून स्टुलावर बसला आणि म्हणाला, "मास्तर, मला सरदार करा. कानांत मोठ्या चकत्या घाला. आणि हनुवटी एकच ठेवा."

"तुम्हाला किती आहेत?" मी विचारलं.

"कायद्यानं एकच."

दोन तास एकटक समोर बघत बसला. सरदारासारखं गंभीर दिसायचा इतका जोर लावला, की शेवटी घाम फुटला आणि डोळे विस्फारले. मी जे दिसतं ते करतो. हनुवटी एकच ठेवली.

खाल्लं : भात, घेवडा. चिडलो नाही. (हसू दाबायला लागलं. ते लिहायचं असतं का, माहीत नाही.)

२७ जून, सोमवार

सार्जंटचं भांडं भट्टीतून नीट निघालं. तो खूश. ठाण्यात टेबलावर ठेवलंय, येणाऱ्या प्रत्येकाला दाखवतो. हवालदार म्हणाला, "साहेब, अगदी तुमच्यासारखं नाही वाटत." त्याची ड्यूटी पुलावर लागली.

२८ जून, मंगळवार

आज एर्मेलिंदाबाई न्यिके आल्या. पुलापलीकडे त्यांची खानावळ आहे. गावात सगळ्यात चांगली चिचा, म्हणजे मक्याची दारू, त्यांचीच, मका स्वतः भिजवतात. नवरा जाऊन सहा वर्षं झाली. माझी बायको जाऊन नऊ. हे इथे का लिहिलं ते कळत नाही, पण शाईनं लिहिलंय, तेव्हा राहू दे.

म्हणाल्या, "खानावळीत लावायला माझा चेहरा करा. म्हणजे मी स्वयंपाकघरात असले तरी उधारीवाल्यांवर लक्ष राहील."

मी म्हटलं, अशा भांड्यांत बायकांचे चेहरे नसतात. सरदार, योद्धे, कैदी, आंधळे म्हातारे असतात. बाई जवळजवळ नाहीच.

"मग तेव्हा बायका नव्हत्या का? त्या सगळ्यांना जेवायला कोण घालत होतं?"

मी स्टूल पुसून दिलं.

नाक अवघड आहे. उजवीकडे किंचित वाकलंय. लहानपणी गाढवानं लाथ मारली म्हणाल्या. गाढवाचं नाव पेरिको. "नाकावर हात ठेवून घरी गेले, तर आई आधी गाढवाला कुठे लागलं का ते बघायला धावली."

खाल्लं : त्यांनी टोपलीतून आणलेला मटण-भात. मी नको म्हणत होतो.

३० जून, गुरुवार

बाई पुन्हा बसल्या. नाक जमलं नाही. निदान तसं वाटलं. दुपारी एकट्यानं पाहिलं तर जमल्यासारखं वाटलं. पण घाई करू नये. मातीवर ओला कपडा टाकून ठेवला.

"डोक्यावर हे नळकांडं कशाला?" बाईंनी विचारलं.

"पूर्वापार आहे."

"म्हणजे लोक माझ्या डोक्यातून पाणी ओतणार?"

"तोटीतून."

"मास्तर, नवऱ्यानं बावीस वर्षं माझं डोकं खाल्लं, पण प्यायचं कधी सुचलं नाही त्याला."

४ जुलै, सोमवार

नाकासाठी पुन्हा बसायला सांगितलं. सोमवारी आमच्याकडे शांबारचं सूप असतं, म्हणून बाईंनी त्याचं पातेलं आणलं. घट्ट, डुकराचं मटण आणि गहू घातलेलं. दोन वाट्या. नर्सबाईंनी एकच सांगितली होती. दुसरी मी मोजत नाही, कारण ती बाईंनी न विचारता ओतली.

आज हसू आवरताना त्यांच्या ओठाचा डावा कोपरा आत ओढला जातो, ते लक्षात आलं. हे मातीत पकडायचं म्हणजे साधं काम नाही. आणखी बसावं लागेल.

९ जुलै, शनिवार

नवव्यांदा बसल्या. आज ऊन नाही, या महिन्यात आमच्याकडे ढग हटतच नाहीत. उजेडच नसेल तर नाक कसं दिसणार? बाईंना तसं सांगितलं. त्या म्हणाल्या, "खरंय. नाक उजेडातच बघावं." आणि उद्याही येईन म्हणाल्या.

मधल्या काळात दोन गिऱ्हाइकं परत गेली. एक औषधाच्या दुकानवाला, दुसरा मिठाईवाला. त्यांना म्हटलं, हातात अवघड काम आहे.

१५ जुलै, शुक्रवार

ओतिलियाशी भांडण.

"सार्जंटचं तोंड तू दोन तासांत केलंस," ती म्हणाली.

"सार्जंटचं नाक सरळ आहे."

"त्याची हनुवटी दोन मजली आहे! फौस्तिनो, तू रोज सकाळी दाढी का करतोस हल्ली?"

"माती दाढीत अडकते."

"तीस वर्षं नाही अडकली?"

बहिणीला कामातलं काही कळत नाही. तिचा जन्म नदीकाठी झाला खरा, पण माती ती चुलीच्या राखेसारखीच बघते. चिडलो : भरपूर.

१९ जुलै, मंगळवार

बाई एकोणिसाव्यांदा बसल्या. मी चेहरा पूर्ण झाला म्हणालो. त्यांनी बराच वेळ पाहिला. म्हणाल्या, "मी अशी दिसते?"

मी म्हणालो, "माती खोटं बोलत नाही."

"माती नाही बोलत. पण हात कुणाचे असतात?" असं म्हणून शाल डोक्यावर घेऊन गेल्या. काहीतरी चुकलं असावं. नाक?

२३ जुलै, शनिवार

भट्टी. या भांड्याला बाजारातला रंग दिला नाही. आजोबांच्या पद्धतीनं गेरू नदीच्या गोट्यानं घोटला, कडेकडेला धूर दिला. खूप वेळ गेला. बाकीची भांडी अशी करायला लागलो तर वर्षाला चार होतील. बुडाखाली नाव कोरायला खिळा हातात घेतला आणि परत ठेवला. कोरावंसं वाटलं नाही. का, ते माहीत नाही. कदाचित खिळा बोथट होता.

भांडं निघालं. इतकं चांगलं मी कधी केलं नाही.

२५ जुलै, सोमवार

भांडं पोचवलं. बाईंनी चिचाच्या घागरींच्या वरच्या फळीवर, मधोमध ठेवलं. पैसे देऊ लागल्या. मी म्हटलं, पाहू नंतर. नंतर कधी, ते ठरलं नाही.

घरी आलो. स्टूल रिकामं. मिठाईवाल्याला निरोप धाडला, की आता वेळ आहे.

३१ जुलै, रविवार

सहा दिवस लिहिलं नाही. लिहिण्यासारखं काही खाल्लं नाही.

२ ऑगस्ट, मंगळवार

अनर्थ.

शहरातून डॉक्टर उर्तेआगा हुआका बघायला आले होते. हे औषधाचे नाहीत, जुन्या भांड्यांचे डॉक्टर. दुपारी एर्मेलिंदाबाईंच्या खानावळीत जेवायला बसले. फळीवरचं भांडं पाहिलं आणि हातातला चमचा खाली पडला. तासभर भांड्यासमोर उभे होते. मोचे काळातलं बाईच्या चेहऱ्याचं भांडं! शतकातला शोध! बाईंना म्हणाले, "चिचा आणा आणखी," आणि त्यांच्याकडे वर मान करूनही पाहिलं नाही.

मग ठाण्यात गेले. सार्जंट बिचारा काय करणार? खोदून काढलेला पुरातन ऐवज बाळगणं म्हणजे गुन्हा. खानावळीला कुलूप लावलं, बाईंना दोन तास ठाण्यात बसवलं. पातेल्यातलं मटण तसंच राहिलं. बाई सांगत होत्या, "अहो, हा माझा चेहरा आहे, माझा!" तेव्हा डॉक्टरांनी पहिल्यांदा त्यांच्याकडे पाहिलं. डावीकडून पाहिलं, उजवीकडून पाहिलं. आणि त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं.

"रक्त टिकून आहे," ते म्हणाले. "पंधराशे वर्षांनंतर तेच नाक! ही वंशज आहे!"

"नाक पेरिकोचं आहे," बाई म्हणाल्या.

"पेरिको कोण?"

"गाढव."

डॉक्टरांनी वहीत लिहून घेतलं की स्थानिक लोकांत प्राण्यांविषयी गूढ श्रद्धा आढळतात. भांड्यातलं वाकडं नाक त्यांच्या मते धार्मिक आहे. राजघराण्यातल्या मुलींची नाकं मुद्दाम वाकवत.

३ ऑगस्ट, बुधवार

सकाळी ठाण्यात गेलो. म्हटलं, हे भांडं मी केलंय.

डॉक्टरांनी भांडं पालथं केलं. "नाव कुठाय?"

"कोरलं नाही."

"बाकी सगळ्यांवर कोरता, यावर नाही. का?"

खिळ्याचं कारण सांगावं असं वाटलं, पण सार्जंटसमोर ते फारच पोचट वाटलं असतं. डॉक्टर हसले. "बाईंना वाचवायला बघताय, चांगलं आहे. पण असं घोटकाम आज कुणाच्या बापाला जमत नाही."

हे ऐकून मला एकाच वेळी अभिमान वाटला आणि तुरुंगही दिसला.

शुक्रवारी भांडं लिमाला नेणार. बाईंवर खटला. खानावळ बंद ती बंद. परत येताना त्या दारात बसलेल्या दिसल्या, मांडीवर हात. मला पाहून म्हणाल्या, "मास्तर, तुम्ही नको ना यात अडकू." मी मान हलवून पुढे निघालो. बोललो असतो तर नीट बोललो नसतो.

खाल्लं : काही नाही. चिडलो : स्वतःवर.

४ ऑगस्ट, गुरुवार

आज सगळं झालं. क्रमानं लिहितो.

ओतिलियानं सकाळी मला शर्टाला धरून ठाण्यात नेलं. "ह्याला माती द्या, तुमच्यासमोर करून दाखवेल," ती म्हणाली. सार्जंट तयार होईना. कागदावर सही झाली होती. तेवढ्यात डॉक्टरांची नजर टेबलावर दोन दिवस फायलींआड झाकलेल्या सार्जंटच्या भांड्यावर पडली. कानांत चकत्या, एक हनुवटी, विस्फारलेले डोळे.

"अरे!" ते म्हणाले. "हेही इथेच सापडलं? काय अप्रतिम! बळी द्यायला नेलेला कैदी. चेहऱ्यावरची भीती पाहा. घाम पाहा. याला कळलंय, की आपली मान आता उडणार."

हवालदार भिंतीकडे तोंड करून उभा राहिला, खांदे हलत होते.

"हा कैदी नाही," सार्जंट सावकाश म्हणाला. "हा सरदार आहे."

"छे छे. सरदार असा घाबरट दिसेल का?"

सार्जंट उठला. टोपी घातली. "हवालदार, नदीची माती आणा. आसाबाचे मास्तरांना खुर्ची द्या."

डॉक्टरांनी अट घातली : बाईंचं भांडं कपाटात बंद, आणि बाई समोर नकोत. नाहीतर मी बघून नक्कल करीन. सार्जंटला आता नियम पाळायचा उत्साह आला होता. त्यानं कपाटाची किल्ली खिशात टाकली आणि बाईंना माझ्या पाठीमागे दारापाशी बसवलं. "मास्तर, मागे वळलात तर अटक."

मी माती मळली. समोर नुसती पांढरी भिंत, तिच्यावर एक कॅलेंडर. आधी गालफडं. मग डोळे. मग ते नाक, उजवीकडे किंचित, जिथे पेरिकोची लाथ बसली तिथून. ओठाचा डावा कोपरा आत. कुठेही थांबावं लागलं नाही. बोटांना सगळं ठाऊक होतं. अर्धा तास झाला असेल नसेल, दाराबाहेर मिठाईवाला, औषधवाला, अर्धं गाव जमलं होतं. कुणीतरी म्हणालं, "अरे, बाईच बसल्यात की ह्यात."

दोन तास लागले. सार्जंटला लागले होते तेवढेच.

सार्जंटनं कपाटातलं भांडं काढून शेजारी ठेवलं. एक भाजलेलं, एक ओलं. डॉक्टर दोन्हींकडे आळीपाळीनं बघत राहिले. "कुशल नकलाकार आहे," ते म्हणाले, पण आवाज पडला होता. "आधी पाहिलेलं लक्षात ठेवून..."

सार्जंट वाकून ओल्या चेहऱ्याचा कान बघत होता. कान चिकटवताना मी मागून डाव्या अंगठ्यानं दाबतो. त्यानं भाजलेल्या भांड्याचा कान बघितला. मग खणातून भिंग काढलं. मग शाईचा डबा. माझा अंगठा कागदावर उमटवला आणि तिन्ही ठसे पाहिले. एवढा आनंद मी त्याच्या चेहऱ्यावर स्वतःचं भांडं पाहतानाही पाहिला नव्हता.

"डॉक्टरसाहेब," तो म्हणाला, "तुमच्या पंधराशे वर्षांपूर्वीच्या कुंभाराचा आणि आसाबाचे मास्तरांचा अंगठा एकच आहे. मध्ये आडवी चीर आहे, तीसुद्धा."

डॉक्टरांनी भिंग घेतलं, पाहिलं, ठेवलं. खाली बसले. मला त्यांची दया आली. मग ते म्हणाले, "शहरातल्या वर्तमानपत्राला मी तार केलीय." ओतिलियानं त्यांना पाणी दिलं.

मी मागे वळलो. बाई दारापाशी नव्हत्या.

५ ऑगस्ट, शुक्रवार

खानावळ उघडली. सार्जंटनं स्वतः कुलूप काढलं. डॉक्टर पहिल्या बसनं गेले. जाताना माझ्या दुकानात आले. म्हणाले, "मास्तर, घोटकाम खरंच तसंच आहे. कुणाला सांगू नका, मी विचारलं म्हणून. गोटा कुठल्या वळणावरचा घेता?" मी सांगितलं. माणूस वाईट नाही. फक्त भांडी इतकी पाहिली, की माणसं राहून गेली.

बाई दिसल्या नाहीत. मी खानावळीत गेलो नाही. गर्दी होती. शिवाय कारण काय सांगणार?

ओतिलिया दिवसभर माझ्याकडे बघून गाणं गुणगुणत होती. चिडलो. फार नाही.

६ ऑगस्ट, शनिवार

सकाळीच बाई आल्या. टोपली नव्हती. स्टुलावर बसल्या नाहीत, उभ्या राहिल्या.

"काल मी आले नाही, कारण विचार करत होते," त्या म्हणाल्या. "ठाण्यात मी तुमच्या पाठीमागे बसले होते. तुम्ही एकदाही थांबला नाहीत."

"नाही."

"म्हणजे नाक तुम्हाला येत होतं."

"हो."

"कधीपासून?"

खोटं बोलायचा विचार केला. उजेडाचं सांगावं, मातीचं सांगावं. पण तिथे कोपऱ्यात ओला चेहरा ठेवला होता, सार्जंटनं परत पाठवलेला, आणि तो ओठाचा डावा कोपरा ओढून माझ्याकडेच बघत होता.

"दुसऱ्या दिवसापासून," मी म्हणालो.

"मी एकोणीस वेळा बसले, मास्तर."

"हो."

"पुढच्या सतरा वेळा कशासाठी?"

तीस वर्षं मी मेलेल्या माणसांशी बोलत आलो. ती उलट विचारत नाहीत. मी तोंड उघडलं, आणि आतून निघालं ते असं : "खोलीत तुम्ही असायचात."

हे मला आत्ता, लिहिताना, पहिल्यांदा नीट कळतंय. तेव्हा नुसतं बोलून गेलो आणि कान तापले.

बाई हसल्या नाहीत. शाल काढून खुंटीला लावली. स्टूल भिंतीपासून ओढून माझ्या बाकाशेजारी आणलं, समोर नाही, शेजारी, आणि बसल्या.

"मलाही त्याच दिवशी कळलं होतं, की तुमचं झालंय," त्या म्हणाल्या. "बावीस वर्षं खानावळ चालवते. पोट भरलेला माणूस मला कळतो. आज काही बनवू नका. नुसते बसा."

मी बसलो. समोर माती नव्हती. हात मांडीवर ठेवले, मग बाकावर ठेवले, मग पुन्हा मांडीवर. इतक्या वर्षांत ते कधी रिकामे राहिले नव्हते, आणि त्यांचं काय करायचं ते मला कळेना.

एर्मेलिंदाला कळलं.